अडसर नसलेल्या चार वाटा

थांबा जरा, ताई. चटया लगेच पसरू नका. आधी हे दोन खांब बघून घ्या. दगडी आहेत, पुरुषभर उंच, आणि कमरेच्या उंचीवर दोघांनाही समोरासमोर भोकं पाडलेली आहेत. अडसर सरकवायची भोकं ती. या थिरोबाच्या डोंगराला चार वाटा. चारही वाटांच्या तोंडाशी असेच खांब आहेत, पण अडसर एकालाही नाही. वर गेलात की एक मोठी शिळा दिसेल, पालथी घातलेली. तिच्यावर बसून फोटो काढायचा नाही, आधीच सांगून ठेवते. मागे एकजण बसला होता, त्याला खाली उतरवून मी चांगला झाडला.

मी कोंडाबाई. ही पाणपोई आमच्या घराकडे आहे. सासूकडून ती माझ्याकडे आली आणि ही हकिकतही तिच्याकडूनच आली. तुम्ही शहरातून इथं योग करायला येता, चांगलंच आहे. पाठ मोकळी होते, झोप लागते, चिडचिड कमी होते म्हणता. माझी काही गेली नाही बाई. पण इथं डोळे मिटायच्या आधी एक रीत पाळावी लागते. ती का, ते ऐका आणि मग बसा.

फार पूर्वी वरच्या त्या शिळेवर स्थिरनाथ नावाचा योगी बसायचा. लोक त्याला थिरोबा म्हणत, कारण एकदा बसला की तो हलत नसे. असं सांगतात, की त्याचा हात लागला की वर्षानुवर्षांचं दुखणं उतरायचं आणि त्याच्यासमोर बसलं की जिवाची तगमग शांत व्हायची. योग म्हणजे जोडणं, असं तो सांगे. तुटलेलं जिवाशी जोडायचं, जीव देवाशी जोडायचा, एवढ्यासाठीच हे सगळं बसणं. बोलणं किती सोपं होतं बघा.

मग गर्दी झाली. ज्याला त्याला वर जायचं. तेव्हा थिरोबानं चार शिष्यांना चार वाटा नेमून दिल्या. एक वाट ज्ञानाची, एक भक्तीची, एक कर्माची, एक ध्यानाची. प्रत्येक वाटेला अडसर लावला आणि प्रत्येक वाटेचा एक नियम केला. नियम पुरा करील त्यालाच वर सोडायचं, कारण तयारी नसलेल्या माणसाला भेटून त्याचं भलं होत नाही, असं त्याला वाटायचं. चारही वाटा माझ्यापाशीच येतात, कुठलीही धरा, असं तो म्हणे. खोटं नव्हतं ते. येतातच. बाकी सगळीकडे कडा आहे, बघताय ना.

खाली त्या बाभळीच्या पलीकडे कुंभारवाडी होती. तिथं सगुणा नावाची कुंभारीण राहायची. वर थिरोबाच्या मठात पाण्याला लागायच्या त्या घागरी तिच्याच चाकावरच्या. नवरा मडकी घेऊन बाजाराला गेलेला, घरात ती आणि तिची मुलगी वेणू. उशिरानं झालेली, एकुलती एक. एका सकाळी वेणूचा गळा सुजला आणि श्वास घरघरायला लागला. घटसर्प म्हणतात त्याला. वाडीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, हे आपल्या हातातलं नाही गं, थिरोबा गळ्याला हात लावून श्वास मोकळा करतो, घेऊन पळ. सगुणा पोरीला छातीशी धरून पळत सुटली.

पहिली लागली ज्ञानाची वाट. तिथल्या शिष्यानं विचारलं, "कोण आलंय?"

"मी सगुणा, कुंभारीण. वेणूची आई."

"हे नाव झालं, नातं झालं. तू कोण?"

तिला कळेना. ती पुन्हा म्हणाली, आई आहे हो, हिची आई आहे. त्यानं मान हलवली. उत्तर येईपर्यंत अडसर निघणार नाही म्हणाला, पण भक्तीची वाट साध्या माणसांना बरी पडते, असंही त्यानं सांगितलं. चांगल्या मनानंच सांगितलं म्हणे.

ती डोंगराला वळसा घालून भक्तीच्या वाटेला आली. तिथं देवाचं नाव न तोडता म्हणायचं होतं. सगुणानं म्हणायला सुरुवात केली. मध्येच वेणूला ठसका लागला, म्हणून ती थांबली आणि तिची पाठ चोळू लागली. शिष्याचे डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं. तो म्हणाला, "तुटलं बाई. पहिल्यापासून घे." तिनं पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तुटलं.

कर्माच्या वाटेला नियम होता, खालून एक दगड डोक्यावर वाहून न्यायचा. तिनं एका काखेत पोर घेतली, एका हातानं डोक्यावरचा दगड धरला. थोडी चालली, तोवर पोर निसटायला लागली. "महाराज, एवढा दगड तुम्ही धरा," ती काकुळतीला येऊन म्हणाली. तो म्हणाला, "दुसऱ्याचं कर्म मी कसा उचलू, बाई?"

तुम्ही आता मनात म्हणत असाल, अडसर ढकलून का नाही गेली? अहो, साधूला ढकलायची रीत आमच्यात तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. ही देवमाणसं आहेत, यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, असंच ती धरून चालली. तिथंच घात झाला. मला तर हे सांगताना दर वेळी वाटतं, ढकल गं बाई, एकदा तरी ढकल. पण ती नाही ढकलत.

शेवटी ध्यानाची वाट. तिथला शिष्य सगळ्यांत मायाळू होता म्हणे. तिला धापा टाकताना बघून त्यानं तिला सावलीत बसवलं. "श्वास स्थिर होऊ दे," तो म्हणाला, "अशी धापा टाकत वर जायचं नाही." आणि समोर बसून त्यानं डोळे मिटले. पोरीला मांडीवर घेऊन ती बसली. त्याला दोन श्वास ऐकू येत होते, एक धापेचा आणि एक घरघरीचा. मग बऱ्याच वेळानं एकच ऐकू यायला लागला, अगदी संथ. त्यानं डोळे उघडले. त्याला फार समाधान वाटलं.

"झाला बघ स्थिर," तो म्हणाला. "आता जा."

त्यानं स्वतःच्या हातानं अडसर काढला. सगुणा वर गेली. घाई करण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. तिनं वेणूला थिरोबाच्या मांडीवर ठेवलं. त्यानं गळ्याला हात लावला आणि तो हात तिथंच राहिला. अंग अजून कोमट होतं.

"अगं, हे पोर घेऊन तू सरळ का नाही आलीस माझ्याकडे?"

"चारही वाटांनी आले, महाराज," सगुणा म्हणाली.

तेव्हा तो न हलणारा माणूस हलला. उठला, आणि ती शिळा त्यानं दोन्ही हातांनी पालथी घातली. वेणूला उचलून तो सगुणाच्या मागोमाग खाली उतरला, वाडीच्या कडेला त्यानंच खड्डा खणला आणि तिला मातीत ठेवलं. चारही अडसर काढून ओढ्यात टाकले. शिष्य कुठं गेले, कुणी सांगत नाही. थिरोबा पुन्हा वर चढला नाही. तो इथंच, जिथं आज माझे रांजण आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो सगुणाच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "काही अडलंय का, माय?"

ती चाकापाशी बसली होती. चाक फिरत नव्हतं.

"तेव्हा अडलं होतं," ती म्हणाली. "आता कशाचंच काही अडत नाही."

त्यानंतर तो रोज सकाळी तिच्या दारात जाऊन हेच विचारायचा. तिनं पुन्हा उत्तर दिलं नाही. ती गेली, घर पडलं, तरी तो त्या पडक्या दारात जाऊन विचारत राहिला, असं सांगतात. मरेपर्यंत. त्याला शांती मिळाली का, असं मी एकदा सासूला विचारलं होतं. सासू म्हणाली, त्याला मिळून काय उपयोग होता?

तेव्हापासून ही रीत पडली. या डोंगरावर कुणीही आसन घालण्याआधी त्या बाभळीकडे तोंड करून मोठ्यानं विचारायचं, "कुणाचं काही अडलंय का?" आणि डोळे उघडे ठेवून थांबायचं. हल्ली लोक विचारतात आणि लगेच डोळे मिटतात. मग मला राग येतो. विचारता कशाला मग?

आजही उजाडताना पहिल्यांदा मी विचारते. रांजण भरते, पदर सावरते, बाभळीकडे बघते आणि विचारते. तिकडं आता घर नाही, चाक नाही, नुसती काटेरी झुडपं आहेत. वारा असला तर ती हलतात, नाहीतर नाही. इतक्या वर्षांत तिकडून कुणी काही बोललेलं नाही.

तुम्हीही विचारा. उत्तर येणार नाही, तरी थांबा. मग बसा.