शिलिंध्रीचं एवढंसं दार

फार जुन्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या मोहाच्या झाडावर शिलिंध्रीचं एक जोडपं राहायचं. शिलिंध्री म्हणजे चिमणीहूनही लहान, निळसर पाठीचा पक्षी. पण ऐट बघाल तर! डोकं खाली करून खोडावरून सरसर उतरायचं आणि सालीच्या फटीतले किडे टिपायचे, हे कुणा सोम्यागोम्याचं काम नव्हे. सुतारपक्ष्यालाही ते जमत नाही, बरं का.

त्या मोहाला एक ऐसपैस ढोली होती. तिचं तोंड मात्र फार मोठं. दोघांनी ओढ्यावरून चोचीचोचीनं चिखल आणला, ढोलीचं तोंड लिंपत आणलं आणि आपलं अंग जेमतेम आत जाईल एवढंच भोक ठेवलं. चिखल वाळून दगडासारखा घट्ट झाला. आत अंडी घातली, पिल्लं आली.

एक दिवस शेजारची साळुंकी आली आणि तिनं नाक मुरडलं. घर एवढं मोठं आणि दार हे असलं? पाहुण्यानं आत यायचं कसं? दार म्हणजे कसं, दुरून नजरेत भरायला हवं, असं बरंच काही ती बोलून गेली.

शिलिंध्रीच्या नवऱ्याच्या ते फार मनाला लागलं. दुसऱ्या सकाळी उठला आणि लागला की लिंपण फोडायला!

खटखट ऐकून शिलिंध्री बाहेर आली. ती म्हणाली, "अहो, दार पाहुण्यांसाठी मोठं करताय, पण आत पिल्लं कुणाची आहेत?"

बिचारा वरमला. लगेच ओढ्यावर गेला आणि फोडलेलं सगळं पुन्हा लिंपून काढलं.

ते लिंपण अजून ओलं होतं, तोच दुपारी खोडावर घोरपड चढली. तिनं भोकाला नखं लावली. ओला चिखल भसकन खाली आला. आपल्याच हातानं आपण पिल्लांचा घात केला, असं बाहेर फांदीवर बसलेल्या नवऱ्याला वाटलं. पण त्या ओल्या चिखलाभोवतीचं जुनं लिंपण जागचं हललं नाही. घोरपडीचं नाक तेवढं आत गेलं, डोकं काही जाईना. आतून शिलिंध्रीनं त्या नाकावर अशा काही चोची मारल्या, की घोरपड आली तशी निघून गेली. नवऱ्यानं धावत आत जाऊन एकेक पिल्लू पाहिलं. सगळी सुखरूप होती. मग दोघांनी पडलेला भाग पुन्हा लिंपून भोक होतं तेवढंच केलं.

दोन-चार दिवसांनी साळुंकी पुन्हा आली. या वेळी सोबत तिची बहीणही होती. ते दार बघून दोघी फिदीफिदी हसल्या.

शिलिंध्रीचा नवरा मान ताठ करून म्हणाला, "पाहुणे आले की आम्ही त्यांना फांदीवर बसवतो, साळुंकीबाई. हे दार आमच्या पिल्लांच्या बापानं आणि आईनं लिंपलंय. ते एवढंच राहणार."

तर मंडळी, तात्पर्य इतकंच: घर कसं बांधायचं हे आत राहणाऱ्यांकडे बघून ठरवावं, बाहेरून हसणाऱ्यांकडे बघून नव्हे.