अजून एकच राउंड

पेट्रोल खिशाला परवडायचं, त्या काळची ही गोष्ट. सुहास टिळेकरांनी भंगारात निघालेली एक गाडी घेतली, मागच्या सीटा काढून टाकल्या आणि तिला फक्त रेसच्या ट्रॅकवर पळवायचं ठरवलं. होते नव्हते ते पैसे त्यांनी इंजिनावर घातले. ब्रेक मात्र जुनाच राहिला.

गॅरेजवाले हनीफभाई म्हणाले, "साहेब, तीन राउंड मारा, पण चौथा हळू घ्या. ब्रेक गार व्हायला पाहिजे."

तीन राउंड झाले. ब्रेक दमून म्हणाला, "आता जरा गार होऊ दे रे."

"आत्ता कुठे मजा यायला लागलीय!" इंजिन गरजलं.

टिळेकरही म्हणाले, "अजून एकच."

असे 'अजून एकच' सहा झाले. सातव्याला वळणावर टिळेकरांनी ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला टेकला. गाडी ट्रॅक सोडून वाळूत रुतली आणि इंजिन बंद पडलं. टिळेकर हेल्मेट काढून खाली उतरले.

तेव्हा इंजिन म्हणालं, "आधी सांगायचंस ना."

"प्रत्येक वळणावर सांगत होतो," ब्रेक थकून म्हणाला. "तू गप्प आत्ता झालंस."