छपरावरून आलेली ओळ

सकाळी अकरा. वारणाकाठचं हिंगणवाडी, दर्ग्याचा ओटा. पूर ओसरून सव्वीस दिवस झाले होते.

"तर मग माझं चुकलं काय, चाचा?"

विचारणारा निनाद पाठारे. मुंबईतल्या एका वृत्तवाहिनीचा डिजिटल प्रमुख. समोर दादूभाई मुजावर, वय सत्त्याहत्तर. गूळ शिजवायच्या रुंद काहिलीत बसवून, बांबूने वल्हवत त्यांनी पुरातून चाळीस माणसं बाहेर काढली होती.

एकेचाळिसावा भरमू मगदूम. तो छपरावरच राहिला.

पुराच्या दिवशी वाहिनीचा कॅमेरा पुलावर होता. टीव्हीवर छप्पर दिसत होतं, छपरावर ठिपक्याएवढा माणूस. गावात फोन लागत नव्हते, नेट तेवढं अधूनमधून येत होतं. चार वाजून दहा मिनिटांनी मोबाइलवरच्या त्या प्रक्षेपणाखाली कमेंट आली: 'हिंगणवाडीतल्या छपरावर दिसतोय तो मीच. चार्जिंग चार टक्के. कुणाला तरी पाठवा.'

निनादने ती सगळ्यांत वर लावली. या कामगिरीला शुक्रवारी बक्षीस मिळणार होतं. वाहिनीने माणुसकी दाखवली, एवढं एक वाक्य त्याला गावातल्या कुणाकडून तरी कॅमेऱ्यावर हवं होतं. आता नातेवाइकांकडे राहणाऱ्या भरमूच्या आईने त्याच्या तोंडावर दार लावलं, म्हणून तो चाचांकडे आला होता.

मी निनादला जाब विचारायला आलो होतो. तीस वर्षं बातमीदारी केली आहे. असली माणसं मला सोलता येतात.

"आता नुसता टीव्ही कोणी बघत नाही," निनाद सांगत होता. "हातात मोबाइल असतोच. तिकडे छप्पर, इकडे चर्चा. ती कमेंट अकरा लाख लोकांनी वाचली, चाचा. अकरा लाख!"

"आणि खाली रेनकोटची जाहिरात," मी म्हणालो. "वीस टक्के सूट."

"ती आपोआप येते. पूर म्हटलं की रेनकोट. मी बसून टाकत नाही."

"भरमूला उत्तर काय गेलं, तेही सांगा ना."

निनाद खाली बघू लागला. "...आमच्यासोबत जोडलेले राहा. तेही आपोआपच."

"अकरा लाख," चाचा म्हणाले. "त्यातल्या किती जणांकडं काहील होती?"

"ऊठ," चाचा निनादला म्हणाले. "शाळेच्या मागं मगदुमाच्या पडल्या घराचं जोतं आहे, त्याच्यावर जाऊन उभा राहा. ऊन लई आहे. तहान लागली की लिव मोबाइलवर, पाणी पाहिजे म्हणून."

"गरिबाची थट्टा करताय, चाचा?"

"गरीब कुठला रे तू? जा."

गेला. शाळेच्या भिंतीआड दिसेनासा झाला.

चाचांच्या गुडघ्याशी पाण्याने भरलेला तांब्या होता. त्यांच्याकडे मोबाइल नाही. माझ्याकडे आहे. निनादचं पान मी उघडून ठेवलं.

थोड्या वेळाने ओळ आली. 'मगदुमांच्या जोत्यावर उभा आहे. पाणी हवंय.'

मी वाचली. मजा वाटली. बघता बघता खाली लाल बदाम जमू लागले. मी मोजत बसलो.

"काय म्हणतोय?" बऱ्याच वेळाने चाचांनी विचारलं.

"पाणी मागतोय. एकशे चौदा जणांना आवडलं."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग तांब्याकडे...

माझी मान वर होईना. त्या दिवशी भरमूची ओळही मी वाचली होती. पूर नियंत्रण कक्षाचा नंबर माझ्या वहीत होता. मी संतापून वाहिनीविरुद्ध चार ओळी लिहिल्या, आणि चहा घ्यायला उठलो.

चाचांनी तांब्या उचलला आणि स्वतःच निघाले. मी मागून. दोनशे पावलंसुद्धा नव्हती.

निनाद गटागटा पाणी प्यायला. त्याने मोबाइल खिशात टाकला. मग तो जोत्यावरून खाली उतरला.

"भरमू छपरावर आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही, चाचा?" निनादने विचारलं.

"या गल्लीतली सगळी निघाली, असं ऐकलं होतं." चाचांनी रिकामा तांब्या परत घेतला. "तू वाचलंस ते चार दहाला. छप्पर पडल्याचा आवाज मी ऐकला तवा मगरिबच्या नमाजाची वेळ होती, सात वाजलेले. मधले तीन तास माझी काहील ओट्याला बांधून होती."