येसूच्या ओट्यावरच्या चुंबळी

या वळणावर कमरेएवढा दगडी ओटा आहे ना, त्यावर गवताच्या चुंबळी पडल्यात बघा. डोक्यावर ओझं घेताना खाली ठेवायचं ते कडं. एकही वाळलेली दिसणार नाही, कारण इथून जाणारा कुणी ना कुणी नवी वळून ठेवतो. टेका जरा. पाठीवरच्या पिशव्या उतरवा, घाट काही पळून जात नाही.

पूर्वी कोकणातलं मीठ याच वाटेनं वर देशावर जायचं, माणसांच्या डोक्यावरून. आता भरली पाटी एकट्यानं उतरवता येते एकवेळ, पण पुन्हा डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. आणि इथं असा समज होता म्हणे, की घाटात परक्याच्या ओझ्याला हात लावला तर त्याची पीडा आपल्याला लागते. मग काय, घरून चढवलेली पाटी थेट वरच्या बाजारातच उतरायची. मधे कुणी टेकत नसे. मान मोडली तरी बेहत्तर. आमचेच पूर्वज, म्हणून एवढं बोलतो.

त्यांच्यात येसू नावाची बाई होती. मीठ विकून ती रिकाम्या पाटीनं घाट उतरायची, तेव्हा वर चढणाऱ्यांचे लटपटणारे पाय तिला बघवत नसत. ती त्यांची पाटी उतरवून घ्यायची, दम खाऊ द्यायची आणि पुन्हा डोक्यावर चढवून द्यायची. लोक तिचा हात घ्यायचे आणि वर तिलाच बजावायचे. सगळ्यांत मोठ्यानं बजावायचा तो हैबती. लोकांची ओझी एक दिवस तुला लागतील, असं तो म्हणायचा. ती नुसती हसायची.

एका वर्षी पावसाळा सरता सरता येसूची लेक तानी तापानं फणफणली. झालं, गाव म्हणालं, लागलं हिला. वैद्य घाटाच्या वर, नवरा गलबतावर गेलेला आणि शेजारी दाराशी येईनात. शेवटी म्हाताऱ्या सासूनं हात दिला. येसूनं पाटीत पोर निजवली, पाटी डोक्यावर घेतली आणि निघाली.

इथवर आली आणि तिचा दम सुटला. पाटी खाली ठेवली ती ठेवलीच. किती झटली तरी उचलेना. पोर डोळे उघडेना. येसू चिखलात गुडघे टेकून बसून राहिली.

तेवढ्यात खालून मिठाच्या पाट्यांची रांग आली. पुढं हैबती. सगळे थबकले. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या ओझ्याला कधी ना कधी येसूचा हात लागलेला होता, आणि ते प्रत्येकाला ठाऊक होतं. मग हैबतीनं स्वतःचं मीठ खाली ठेवलं आणि डोक्यावरची चुंबळ नीट केली.

"लागायचं ते मला लागू दे, येसू," तो म्हणाला. "हात लाव."

तिनं हात लावला. बाकीच्यांनीही आपापलं मीठ तिथंच उतरवलं. एक दमला की दुसरा पाटी घ्यायचा, असं करत दिवस मावळायच्या आत पोर वैद्याच्या दारात पोचली. आणखी उशीर झाला असता तर ती हाती लागली नसती, असं वैद्य म्हणाल्याचं सांगतात. तानी वाचली. ज्यांनी ज्यांनी पाटी वाहिली, त्यांना काहीसुद्धा झालं नाही.

परतले तेव्हा उघड्यावर टाकलेलं मीठ भर धुक्यातही कोरडं होतं म्हणे. खरंखोटं ते धुकंच जाणे. मग त्यांनीच येसूच्या नावानं हा ओटा रचला आणि आपापली चुंबळ पुढच्या माणसासाठी ठेवून दिली.

आता मीठ ट्रकनं जातं. पण आजही या ओट्यावरचं ओझं कुणी एकट्यानं उचलत नाही, मग ती लाकडाची मोळी असो की नवरीची पेटी. वाटसरू थांबतो आणि हात लावू का, म्हणून विचारतो.

चला, ऊन कललं. अहो ताई, ती पिशवी तशी एकटीनं नाही घ्यायची. हलकी असली म्हणून काय झालं? माझ्या वयाकडं बघू नका, हैबतीच्या घरातला आहे मी. थांबा, मी हात लावतो.