पणाला लागलेला गुरुवार

पांघरुणं घ्या आधी. मुक्ते, पाय आत. हं, आता ऐका. मोरझर नावाची एक नगरी होती आणि तिथे उदेराज नावाचा राजा राज्य करायचा. तो माझा फार आवडता राजा आहे, हे आधीच सांगून ठेवते. मध्येच तो तुम्हाला आवडेनासा होईल. तरी रुसायचं नाही, बरं का.

राजाला एक मुलगी होती, बिंबा. सात वर्षांची. तिला आई नव्हती, म्हणून राजाची भागाआत्याच दोघांचं सगळं बघायची. राजा झाला म्हणून काय झालं, आत्या त्याला अरेतुरेच करायची.

मोरझरची एक रीत होती. पाडव्याला सगळ्यांनी कवड्या खेळायच्या. तीनच डाव. तिसरा डाव झाला की घरातल्या थोरल्या बाईने म्हणायचं, "पुरे!" आणि कवड्या पदरात घेऊन कोनाड्यात ठेवून द्यायच्या, त्या पुढच्या पाडव्यापर्यंत. पणाला लावायचे चिंचोके. चिंचोके सोडून तागडीत तोलता येईल असं दुसरं काहीही लावायचं नाही. सोनं नाही, धान्य नाही. आहेत की नाही शहाणी माणसं?

मग एका पाडव्याला काय झालं, आत्याने "पुरे" म्हटलं, कवड्या गेल्या कोनाड्यात, पण राजाचे हात काही थांबेनात. मांडीवर बोटं वाजवत तो वेशीबाहेर गेला. तिथे दगडी कट्ट्यावर एक पाहुणा बसला होता. अंगात राखी अंगरखा, काखेत झोळी, समोर कवड्या. आणि लख्ख ऊन असून त्याची सावली पडत नव्हती! राजाने ते पाहिलं. पण त्याचं सगळं लक्ष कवड्यांकडे.

पाहुणा म्हणाला, "खेळतोस? जिंकलास तर तुला आठवा वार देईन. रविवारही नाही नि सोमवारही नाही. तुझ्या एकट्याचा वार."

"पण आम्ही तागडीत बसेल असं काही लावत नाही," राजा म्हणाला.

"मग एखादा वार लाव की. वार कुठे तागडीत बसतो?"

राजाला वाटलं, वा! नियमही मोडला नाही आणि खेळही झाला. अशी चूक मोरझरच्याच माणसाला जमायची, नियम पाळून केलेली. त्याने बुधवार लावला. दान पडलं, आणि बुधवार पाहुण्याच्या झोळीत.

मग काय! मंगळवारी झोपलेली माणसं उठली ती एकदम गुरुवारी. बुधवार तर बाजाराचा. कुंभाराची मडकी घरातच, माळ्याच्या मेथीच्या जुड्या घरातच. हसू नकोस रे गुंड्या, पुढचं ऐक. बुधवारी जन्मलेल्या माणसांना सगळे विसरायला लागले. गोदा सुतारणीचा सदबा बुधवारचा. ती जेवायला एक ताट कमी मांडायला लागली. सदबा समोर उभा राहायचा आणि आईला वाटायचं, असेल कुणा शेजाऱ्याचं पोर.

हे राजाच्या कानावर गेलं. त्याचं काळीज हललं, खोटं नाही सांगत. तो म्हणाला, "एकच डाव खेळतो आणि बुधवार परत आणतो." गेला आणि शनिवार हरला. शनिवारी तालमीत कुस्त्या व्हायच्या, त्या बंद. मग म्हणाला, "आता शेवटचा डाव, दोन्ही वार परत आणतो." गेला आणि शुक्रवार हरला. फुटाणे-गुळाचा वार गेला! आता आठवड्यात उरले चारच दिवस.

आणि घरी काय चाललं होतं? आत्याने विचारलं, "कुठे होतास?" तर म्हणायचा, "देवळात." ताट वाढलेलं तसंच निवून जायचं. बिंबा गळ्यात पडली की वसकन अंगावर यायचा. आमचा एवढा गुणी राजा, आणि पोरीवर ओरडायला लागला! मला तर हे सांगतानाही राग येतो.

एका दुपारी तो पाहुण्याला सांगून आला, "उद्या गुरुवार लावतो. झोळीतलं सगळं परत घेतो." घरी येऊन पाटावर बसला. बिंबा शेजारी येऊन बसली, पण जरा लांबच.

"आबा," ती म्हणाली, "मी कोणत्या वारची?"

राजाच्या हातातला घास हातातच राहिला. बिंबा गुरुवारची होती. आणि पैज ठरवताना त्याला ते आठवलंही नव्हतं.

त्याने बिंबाला खेळायला पाठवलं आणि सगळं आत्याला सांगून टाकलं. देऊळ खोटं, कट्टा खरा, सगळं. आत्या ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "उदेबा, उद्या जिंकलास, सगळे वार परत मिळाले, तर डावावरून उठशील?"

राजा "हो" म्हणायला गेला. पण त्याला आतून ठाऊक होतं, उठणार नाही. आठवा वार पाहिजे म्हणून पुन्हा बसणार. त्या शूर माणसाला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती स्वतःच्याच हातांची.

"मग आता रे?" आत्या म्हणाली.

"आता ते मलाच म्हणायला हवं, आत्या. तू नको म्हणूस."

दुसऱ्या दिवशी अख्खी नगरी कट्ट्याभोवती जमली. आत्या बिंबाचा हात धरून उभी. पाहुण्याने कवड्या राजाच्या ओंजळीत दिल्या आणि गोड आवाजात म्हणाला, "आज दान तुझंच आहे. तिन्ही वार घे, वर आठवाही घे. टाक."

आणि खरंच, पोरांनो, त्या कवड्या राजाच्या हातात ऊबदार लागत होत्या. जिंकणारं दान होतं ते. टाकायचा अवकाश. लोक ओरडायला लागले, "टाका महाराज! टाका!" राजाच्या कपाळावर घाम. हात वर गेला.

मग त्याने हात खाली घेतला. एकेक कवडी कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाला, "पुरे."

"घाबरलास?" पाहुणा हसला. "राजाने दिलेला शब्द मोडतोस?"

"मोडतो. सगळ्यांसमोर मोडतो. आणि घाबरलोही आहे," राजा म्हणाला आणि उठला.

कुणीतरी पुटपुटलं, "पळाला." तेवढ्यात बिंबा आत्याचा हात सोडून धावली आणि मोठ्याने ओरडली, "माझे आबा उठले! माझे आबा उठले!" राजाने तिला खांद्यावर घेतलं आणि गर्दीतून मान ताठ ठेवून चालत गेला. बघा, हाच तो माझा राजा! आता सांगा, आवडतो की नाही?

पण पाहुणा काही हलेना. कट्ट्यावर बसून कवड्या खुळखुळवत राहिला. राजाला महालात ऐकू यायचं. पाय वळवळायचे. पण आता तो लपवायचा नाही. उठून आत्याकडे जायचा आणि म्हणायचा, "आत्या, आज फार ओढ लागली आहे गं." मग आत्या त्याला अंगण सारवायला शेण कालवून द्यायची. राजा, आणि शेणात हात! पण ओढ सरेपर्यंत सारवत बसायचा.

एक आठवडा तो गेला नाही, तर झोळीची गाठ सैल झाली आणि शुक्रवार निसटून घरी आला. दुसऱ्या आठवड्यात शनिवार आला. तिसरा आठवडा सगळ्यात जड गेला, त्यात तर दोनदा अंगण सारवलं. मग एका सकाळी मंगळवारनंतर बुधवार उजाडला. गोदा सुतारणीने ताटं मांडली, मोजली आणि हाक मारली, "सद्या, ये रे बाळा, भाकरी निवतेय!" सदबा असा धावला की काय सांगू! पाहुणा रिकामी झोळी घेऊन निघून गेला. जे वार मधल्या मध्ये गेले ते मात्र गेलेच, ते कुणालाच परत मिळाले नाहीत.

मग राजाच्या पराक्रमाची दवंडी पिटायची ठरली. दवंडीवाल्याने हात जोडून विचारलं, "महाराज, आपण काय जिंकलात म्हणून सांगू?"

राजा म्हणाला, "जिंकलो नाही. हातात दान असताना उठलो, असं सांग. आणि ज्याला उठता येत नसेल त्याने माझ्याकडे यावं. मी कुणाला हसणार नाही."

दवंडी झाली. संध्याकाळी नगरीचा सेनापती खाली मान घालून आला, राजापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, मलाही उठता येत नाही." राजाने त्याचा हात हातात घेतला आणि जवळ बसवून घेतलं. मोरझरमध्ये पुढे सगळे सातही वार सुखाने नांदले. आता डोळे मिटा, माझ्या राजांनो. मुक्ते, तूसुद्धा.