भागोजीनं घरी इंजिन बांधलं

समुद्राला टेकलेल्या सुरवंडी गावात भागोजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा सासऱ्यानं त्याला एसटी स्टँडवर "जरा थांबा हं जावईबापू" म्हणून उभं केलं, आणि म्हातारा विसरून दुसऱ्या वाटेनं घरी गेला. जावई दुसऱ्या दिवशी सापडला. तिथेच, त्याच खांबाला टेकून. सासरा म्हणाला, "अहो, घरी नाही का यायचं?" भागोजी म्हणाला, "तुम्ही जा म्हणाला नव्हता."

असा माणूस. सांगाल ते करणार, सांगाल तेवढंच करणार.

पण या गुणावर त्याचं घर चाललं होतं, खोटं नाही सांगत. भागोजीकडे एक एटीव्ही होती. एटीव्ही म्हणजे ती जाड जाड चाकांची, चार पायांवर बसलेल्या बेडकासारखी गाडी. पाहुणे लोक तिच्यावर बसतात, वाळूत एक चक्कर मारतात, किंचाळतात आणि फोटो काढतात. सुरवंडीत अशा बऱ्याच गाड्या. त्यांच्या जागा ठरायच्या दिवाळीच्या पाडव्याला, आणि त्याची एक रीत होती. सगळ्या गाड्या सुरूच्या बनात रांगेत उभ्या राहायच्या. गाडीवाल्यांच्या कमिटीचे अध्यक्ष अंतोबा पाटील "निघा" म्हणायचे. गाडीनं आपल्या इंजिनावर निघायचं, ढकललेली चालायची नाही. जिथे इंजिन बंद होईल तिथे अंतोबा झेंड्याचा बांबू रोवणार, आणि ती जागा वर्षभर त्या गाडीची. एकदा बांबू रोवला की ब्रह्मदेव आला तरी हलायचा नाही.

सगळ्यांचा डोळा शहाळ्याच्या टपरीसमोरच्या जागेवर. पाहुणे उतरतात तेच तिथे. आणि ती जागा दर वर्षी भागोजीला मिळायची. कारण अंतोबा "निघा" म्हणाले की बाकीचे आधी गॉगल चढवायचे, एकमेकांना डोळे मारायचे. भागोजी निघायचा.

तर यंदा पावसाळा सरला, भागोजीनं गाडीवरची ताडपत्री काढली, बटण दाबलं. गाडी खोकली, ढगभर धूर ओकली आणि गप्प झाली.

त्याची बायको सुगंधा ओटीवर होती. गाडी यायच्या आधी ती कोळंबीच्या कारखान्यात जायची. दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलायची. बोटांना भेगा पडायच्या, त्यात मीठ जायचं. ती म्हणाली, "अहो, काय वाटेल ते करा, पण पाडव्याला गाडी चालली पाहिजे. मी परत त्या बर्फात हात घालायची नाही."

"नाही घालायचीस," भागोजी म्हणाला, आणि तालुक्याला हुसेनभाई मिस्त्रीकडे गेला.

हुसेनभाई खाटेवर पडलेला. पाय प्लास्टरमध्ये, जीभ मात्र मोकळी. धुराचं वर्णन ऐकून म्हणाला, "रिंगा गेल्या. इंजिन उतरवून बांधायला लागेल."

"मग कधी येता?"

"हा पाय काय शोभेला टांगलाय? तूच बांध घरी. मी सांगतो तसं करशील ना?"

आता सांगितल्यासारखं करण्यात भागोजीचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. हुसेनभाईनं खाटेखालून नव्या सामानाची पिशवी काढून दिली आणि म्हणाला, "इंजिन खोल. जे जे निघेल ते रॉकेलात बुडव, ब्रशनं खसाखसा घास, उन्हात वाळव. लक्षात राहील?"

"राहील."

एसटीत भागोजी घोकत बसला. कंडक्टर म्हणाला, "कुठे?" भागोजी म्हणाला, "रॉकेलात."

घरी येऊन त्यानं इंजिन खोललं. झाकण निघालं, बुडवलं, घासलं, वाळवलं. पिस्टन निघाला, बुडवला, घासला, वाळवला. सगळं लख्ख झालं. सुगंधाला वाटलं, बरं जमतंय की यांना. मग भागोजीनं हुसेनभाईची पिशवी उघडली. त्यातून नवं गॅस्केट निघालं. गॅस्केट म्हणजे दोन लोखंडांच्या मधे बसवायचा पुठ्ठ्याचा पातळ तुकडा. निघालं ना? मग बुडवलं. ब्रशनं खसाखसा घासलं. उन्हात वाळायला घालायला उचललं तर हातात लगदा आला, उरलेलं बादलीत राहिलं.

लगदा पानात बांधून भागोजी तालुक्याला गेला. हुसेनभाईनं कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा, हे कशाला धुतलंस? ही नाजूक चीज. कोरडी ठेवायची. दोन फळ्यांच्या मधे सपाट घालायची, वर जड दगड ठेवायचा, म्हणजे वाकडी होत नाही. वाकडी दिसली तर आणखी वजन ठेव. राहील लक्षात?"

"राहील."

हुसेनभाईनं दिलेलं दुसरं गॅस्केट दोन फळ्यांत, वर दगड. अगदी झकास राहिलं. भागोजीनं ते जागेवर बसवलंसुद्धा. मग आल्या रिंगा. पिस्टनला घालायची लोखंडी कडी ती, बांगडीसारखी, पण एका जागी तुटक आणि हात लावला की हलणारी. भागोजीनं त्या डोळ्यासमोर धरल्या. त्याला वाकड्या दिसल्या. मग काय? सगळ्या एकमेकींवर टाकल्या, वर फळी, फळीवर घरातला पाटा. तरी फळी डुगडुगत होती. म्हणून पाट्यावर स्वतः बसला.

कड् कड् कड्.

"झाल्या सरळ," भागोजी म्हणाला. सुगंधानं फळी उचलून बघितलं तर खाली नुसते तुकडे.

तुकडे फडक्यात घेऊन भागोजी तालुक्याला गेला. हुसेनभाईनं ते बघितले आणि प्लास्टरचा पाय उचलला, पण तो भागोजीपर्यंत पोचला नाही.

"अरे, रिंगांवर बसतं का कोणी? या कोंबड्या आहेत काय उबवायला? रिंग ठिसूळ असते. वजन सोसत नाही. फडक्यात गुंडाळायची आणि तेलात बुडवून ठेवायची. तेल म्हणजे तिचा जीव. या शेवटच्या रिंगा माझ्याकडे. मोडल्यास तर इथे येऊ नकोस, सरळ समुद्रात जा. राहील लक्षात?"

"राहील," भागोजी म्हणाला, आणि त्याचं शेवटचं वाक्यसुद्धा नीट लक्षात ठेवलं. पण ते मोडल्यावरचं होतं आणि रिंगा काही मोडल्या नाहीत. त्या फडक्यात राहिल्या, तेलात राहिल्या, पिस्टनवर गुमान बसल्या. सुगंधानं देवापुढे साखर ठेवली.

राहिला स्पार्क प्लग. त्याच्या टोकाला ठिणगी पडते तेव्हा पेट्रोल पेटतं आणि गाडी चालते. एवढं भागोजीलाही ठाऊक होतं. त्यानं प्लगचं पांढरं चिनीमातीचं अंग बघितलं. म्हटलं, हा तर रिंगेहून ठिसूळ. फडक्यात गुंडाळला. तेलात बुडवला. घरात होतं ते खोबरेल, सुगंधाचं, जास्वंद घालून उकळलेलं. रात्रभर मुरवला. सकाळी प्लगला असा वास सुटला होता की नुकताच न्हाऊन आला असावा.

गाडीत बसवला, बटण दाबलं. टर्रर्र. ठिणगी काही पडेना. टर्रर्र, टर्रर्र.

पाडवा उद्यावर आलेला. सुगंधा म्हणाली, "अहो, शेजारच्या विलासला बोलवा, तो बघेल." विलास नागवेकर म्हणजे त्या टपरीसमोरच्या जागेवर टपून बसलेला दुसरा गाडीवाला. तो कुंपणापलीकडून सगळं बघतच होता. तो म्हणाला, "भागोजी, तू फार मनापासून काम करतोस रे. असंच कर." आणि शीळ घालत आत गेला. आमच्या गावात शेजारी असे असतात, तुमच्याकडचे कसे ते तुम्ही बघा.

भागोजी पुन्हा हुसेनभाईकडे. हुसेनभाईनं प्लग नाकाला लावला आणि डोळे मिटून घेतले.

"भागोजी," तो म्हणाला, "हा प्लग आहे. हा कोरडा ठणठणीत हवा. तेलाचा टिपूससुद्धा लागता कामा नये. तेल दिसलं की पुसायचं. तेल म्हणजे याचा काळ. आणि आता परत येऊ नकोस. हा तेलाचा डबा ने, बाकी तुला माहीतच आहे."

भागोजी घोकत आला. "तेलाचा टिपूस नको. तेल म्हणजे काळ."

प्लग पुसला. बसवला. आता राहिलं होतं एकच काम. इंजिनात तेल ओतायचं. सुगंधा डबा घेऊनच उभी होती.

"हे टाकायचं राहिलं ना?"

भागोजीनं असं बघितलं, जणू तिनं डब्यात साप आणलाय. "काय गो, बुडवायला निघालीस काय? तेलाचा टिपूससुद्धा नको. तेल म्हणजे काळ."

"अहो, ते प्लगचं. इंजिनात तेल लागतंच. गेल्या वर्षी टाकलं होतं ना तुम्ही?"

"म्हणून तर यंदा बिघडलं!" भागोजी म्हणाला. आणि मायेनं तिला समजावलं, "इंजिनातलं तुला नाही कळायचं. तू कोळंबी सोललीस जन्मभर."

सुगंधाचे डोळे भरून आले. तिनं डबा ओटीवर ठेवला. भागोजीनं इंजिनात राहिलेसाहिले थेंबसुद्धा चिंधीनं टिपून काढले. मग त्याला एक युक्ती सुचली, आयुष्यातली पहिली. तेल म्हणजे काळ, तर हा काळ शत्रूच्या घरी का धाडू नये? त्यानं डबा कुंपणावरून विलासला दिला. "घे, तुझ्या गाडीत घाल." विलासनं डबा घेतला, भागोजीकडे बघितलं, आणि डोळे पुसत म्हणाला, "देवमाणूस आहेस रे." डोळ्यांतलं पाणी हसण्याचं होतं. भागोजीही मनातल्या मनात हसला. दोघेही खूश.

मग त्यानं बटण दाबलं. आणि काय सांगू, गाडी चालू झाली! फट् फट् फट् फट्. सुगंधा धावत बाहेर आली. भागोजीनं आनंदानं गाडी थोपटायला हात टाकला, तो नेमका सायलेन्सरवर.

"आई गं!"

सुगंधानं गाडी बंद केली, त्याचा हात धरला आणि बादलीत कोंबला. "भाजलं की लगेच गार पाण्यात बुडवायचं. आग थांबेपर्यंत बाहेर काढायचं नाही. कोणी काही म्हटलं तरी नाही. राहील लक्षात?"

"राहील," भागोजी म्हणाला.

पाडवा उजाडला. ओहोटीची वेळ, वाळू लांबच लांब मोकळी. सुरूच्या बनात सगळ्या गाड्या उभ्या. अख्खं गाव जमलेलं. सुगंधा शहाळ्याच्या टपरीशी मुठी आवळून उभी होती.

अंतोबा पाटील म्हणाले, "निघा."

बाकीच्यांनी गॉगल चढवले. भागोजी निघाला. गाडी सुसाट सुटली. विलास मागे, त्याच्या पाठीमागे सगळे. निम्म्या वाटेवर भागोजीच्या गाडीतून आवाज यायला लागला. कड कड कड. सुक्या इंजिनाचं लोखंड लोखंडाला खात होतं. मग जळका वास आला. मग धूर. पण गाडी धावत होती हो! धावत धावत ती शहाळ्याच्या टपरीसमोर आली आणि बरोब्बर तिथेच आचके देत मंदावली. आता बंद पडणार, तिथेच पडणार. विलास अजून लांब होता. अंतोबा बांबू घेऊन धावत निघाले.

सुगंधानं हात जोडले. "पड," ती म्हणाली. "पड गो बाई, इथेच बंद पड."

म्हणजे बघा. भागोजीनं काही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. स्टँडवरच्या खांबाशी राहिला होता तसं. पण थांब म्हणायला या खेपेला कोणी नव्हतं. त्यानं खाली वाकून इंजिनाला बोट लावलं आणि बोट चर्रकन भाजलं.

"अरे देवा," भागोजी ओरडला, "हिला भाजलंय!"

आणि त्यानं हँडल फिरवलं. सगळा जोर लावून गाडी उताराला घातली. सुगंधा किंचाळली, अंतोबा ओरडले, कोणी काही म्हटलं तरी ऐकायचं नव्हतं. गाडी कडकडत, धूर ओकत, लाटा फोडत समुद्रात शिरली. कमरेएवढ्या पाण्यात तापलेल्या इंजिनातून मोठा चर्र आवाज निघाला, टाण्णकन काहीतरी तडकलं, आणि इंजिन बंद पडलं.

विलास टपरीसमोर आला आणि त्यानं आपली गाडी सावकाश बंद केली. तिथे बांबू रोवला गेला.

मग अंतोबांनी धोतर वर खोचलं. रीत म्हणजे रीत. ते पाण्यात उतरले आणि दुसरा बांबू भागोजीच्या गाडीशेजारी समुद्रात रोवला. "ही जागा वर्षभर तुझी," ते म्हणाले आणि तोंड फिरवून हसले.

सुगंधा पाण्यापर्यंत धावत आली. "अहो, बाहेर काढा ती! भरती येतेय!"

भागोजीनं दोन्ही हातांनी गाडी पाण्यात दाबून धरली होती. लाटा त्याच्या छातीला लागत होत्या. अजून बुडबुडे येत होते.

"ओरडू नको गो," तो म्हणाला. "तूच म्हणाली होतीस. आग थांबेपर्यंत काढायची नाही."

सुगंधा आता रोज सकाळी कारखान्याची गाडी पकडते. गाडी किनाऱ्याच्या रस्त्यानं जाते. ओहोटीला बांबू दिसतो आणि गंजलेलं हँडल दिसतं. शेजारी भागोजी पाण्यात उभा असतो आणि फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना हात लावू देत नाही. बायकोला बघितलं की तो तिथून हात हलवून मोठ्यानं ओरडतो, "काळजी करू नको, बरीच गार झालीय!"