बाभळीकडचा पाट

"...म्हणजे माझी पोर गांजाची ओढ घेऊनच आली म्हणायची का, बाबा?"

लोटन मास्तर उभ्याउभ्याच विचारत होता. बस म्हटलं तर बसेना, आणि उभा होता तोही नेमका कोथिंबिरीच्या वाफ्यात.

"आधी पाय काढ," भिकनशा फकीर म्हणाला.

तो राहायचा त्या तकियामागच्या वांग्यांना पाटाचं पाणी देत होता. तरुणपणी याच्या चिलमीच्या धुरानं अख्ख्या गल्लीतले डास मरत. लोटन याच्याकडे आला तो काही उगाच नाही.

पहाटे तालुक्याच्या दवाखान्यात बायकोला मुलगी झाली. गांजा सोडून वर्ष झालेला हा बाप पोरीचं तोंड न बघताच इकडे पळाला. खिशातला फोन सारखा गुरगुरत होता, सासरा असणार.

मास्तर विज्ञान शिकवायचा, त्यामुळे त्याची भीतीही शिकलेली. नशेनं जनुकं बदलत नाहीत, त्यानं सांगितलं, पण त्यांच्यावर खुणा बसतात. कुठलं जनुक उघडायचं, कुठलं मिटायचं, त्या खुणा ठरवतात. नशा सुटते, खुणा मागे राहतात. एका मासिकात त्यानं वाचलं होतं, उंदरांत म्हणे बापाच्या खुणांचा परिणाम पिल्लांतही दिसला. माणसाचं अजून नक्की सांगता येत नाही, असंही तिथंच छापलं होतं. ती ओळ मास्तरनं बरोबर गाळली.

फकिरानं फावडं त्याच्या हातात दिलं.

"हे पाटाचं दार धर. बाभळीकडं पाणी जाऊ देऊ नको."

"तिकडं काय आहे?"

"आता काही नाही. पूर्वी मी गांजा लावायचो."

लोटननं चिखल ओढून दार बांधलं. पाणी थबकलं... आणि बाजूनं पाझरून निघालं बाभळीकडं. त्यानं पुन्हा बांधलं, बुटानं दाबलं. जरा फोनकडं बघितलं, तेवढ्यात दार फुटलं.

फकीर खुशाल विडी शोधत होता.

घामानं मास्तरचा चष्मा घसरला. "बाबा, हे कायमचं मिटत नाही का?"

"नाही."

"बुजवून बघितलं?"

"जमीनच तिकडं उतरलीय रे. पाणी जागा विसरत नाही."

"मग..." लोटनचा आवाज चिरकला, "मग इतकी वर्षं तुम्ही केलंत काय?"

फकिरानं चार वांगी तोडली आणि त्याच्या चिखलानं माखलेल्या ओंजळीत ठेवली.

"वांगी खाल्ली."

फोन पुन्हा गुरगुरला. या खेपेला लोटन हलला नाही. वांग्यांकडं बघत राहिला...

फकिरानं बाजूला पडलेलं फावडं उचललं, फुटलेल्या दारावर एक ढेकूळ टाकलं.

"बाळंतिणीला देऊ नको, वातूळ असतात. तू खा. आणि पोरीला घेताना हात धू."